रुमालाखालची बोटं आणि सावद्याचा फ्लेक्स

संपादकांचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसले होते. "ताई, दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीतले किस्से लिहा. लोकांना आतल्या गोष्टी वाचायला फार आवडतात," ते म्हणाले. मला हसूच आलं. आतल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत, एवढ्याचसाठी मला अठ्ठावीस वर्षं पगार मिळाला. आयुष्यभर ज्याने दार धरलं, त्यालाच आता म्हणतात, जरा आतलं सांग. तरी मी हो म्हटलं. निवृत्तीनंतर गवारीशिवाय दुसरं काही निवडायला मिळत नाही, हेही एक कारण आहे.

जळगावात मला 'वकीलबाई' म्हणतात. कायद्याची पदवी आहे, पण काळा कोट मी अंगात घातला तो फक्त फोटोपुरता. नोकरी केली ती मुंबईच्या एका गुंतवणूक कंपनीच्या जळगाव शाखेत. तिथे एका छपराखाली दोन धंदे चालायचे. डाव्या हाताच्या केबिनमध्ये मोठे व्यापारी यायचे. त्यांच्या घरच्या कंपनीचे शेअर लोकांना विकून भांडवल उभं करायचं, त्यासाठी लागणारे कागद तयार करायचे, नियामकांची परवानगी आणायची, ही सगळी लग्नघाई तिथे चाले. उजव्या हाताच्या काउंटरवर साधी माणसं यायची. कोणी शिक्षक, कोणी केळीवाला, कोणी पोळपाट-लाटणं विकणारी. ती आपली शिल्लक गुंतवायला यायची.

आता गंमत अशी, की डावीकडच्यांना कंपनीची बातमी जगाच्या आधी कळते आणि उजवीकडच्यांना ती कळली तर ते इतरांच्या आधीच शेअर घेऊन-विकून मोकळे होतील. म्हणून कायदा म्हणतो, मध्ये भिंत हवी. आमच्याकडे ती प्लायवूडची होती आणि पलीकडची शिंकसुद्धा अलीकडे ऐकू यायची. त्यामुळे खरी भिंत मीच होते. डावीकडचं उजवीकडे जाऊ द्यायचं नाही आणि उजवीकडच्या ग्राहकाचं नाव-गाव-ठेव दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

हे काम मी कायद्याच्या कॉलेजात शिकले नाही. माझे वडील साक्रीच्या बैलबाजारात दलाल होते. सौदा करताना ते आणि गिऱ्हाईक हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी, पण भाव फक्त दोघांना कळायचा. मी लहान असताना एकदा रुमाल उचलून पाहायला गेले. वडिलांनी दुसऱ्या हाताने माझी वेणी धरली. "पोरी, भाव दोन जनस्ना ऱ्हास," ते म्हणाले, "तिसराले काय करनं शे?" म्हणजे, भाव दोघांचा असतो, तिसऱ्याला काय करायचंय? पुढे ग्राहकांच्या गोपनीयतेवर मुंबईला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. त्यात याहून जास्त काही सांगितलं नाही, जेवण मात्र चांगलं होतं.

घेवरचंदजी शेठ यांचा किस्सा आधी सांगते, कारण पुढच्या चुकीत त्यांचा आडून हात आहे. शेठजींची जळगावात डाळ मिल. मूळ राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथल्या, त्यामुळे भरीत खाताना त्यांना जैन असल्याची आठवण करून द्यावी लागे. त्यांची कंपनी शेअर बाजारात उतरायची ठरली. नियम असा, की बातमी जाहीर होण्याआधी ती ज्याला ज्याला माहीत आहे त्याचं नाव वहीत नोंदवायचं. मी शेठजींना विचारलं, "कोणाकोणाला माहीत आहे?" त्यांनी प्रामाणिकपणे सांगायला सुरुवात केली. पत्नी, दोन मुलगे, दोन सुना, राजस्थानात पालीला राहणारे थोरले भाऊ, मुहूर्त काढणारे पंडितजी. मग जरा थांबून म्हणाले, "आणि मिठाईवाला. पेढ्यांची ऑर्डर दिली ना, तारीख सांगावी लागली."

मी मिठाईवाल्याचंही नाव घातलं, पॅन नंबरासकट. दुसऱ्या दिवशी मुंबईहून साहेबांचा फोन. "या यादीत शेवटचे गृहस्थ कोण आहेत? सल्लागार आहेत का?" मी म्हटलं, "पेढ्यांचे."

शेठजींना मी समजावायला गेले, की यापुढे एकही नाव वाढता कामा नये. कायद्याची कलमं सांगितली, ते मान डोलवत राहिले. शेवटी मी म्हटलं, "शेठजी, मुलीची सोयरीक पक्की होण्याआधी तुम्ही गावभर सांगता का?" ते ताठ बसले. "वकीलबाई, तसं बोला ना मग. सोयरीक म्हणजे तर शेजाऱ्याला पण नाही." त्यानंतर त्यांनी असं तोंड शिवलं, की शेअर विक्रीला आले त्या दिवशी त्यांच्या मिलच्या मॅनेजरने पेपरात वाचून त्यांचं अभिनंदन केलं.

आता खासगीपणाच्या कायद्याबद्दल दोन शब्द, मग पुढे जाते. जगात याच्या दोन रीती आहेत. दोन्ही आपल्याला पंगतीत भेटतात. एक वाढपी असा असतो, की तुम्ही ताटावर आडवा हात धरेपर्यंत वाढतच राहतो. काही देशांचा कायदा या वाढप्यासारखा आहे. कंपनी तुमची माहिती वापरते, नको असेल तर तुम्ही हात आडवा धरायचा. दुसरा वाढपी आधी विचारतो, "वाढू का?" आपल्याकडे आता नवा कायदा आला आहे तो बहुतेक या दुसऱ्याच्या वळणाचा. आधी विचारा, कशासाठी हवं ते सांगा, आणि जे वरणासाठी घेतलं ते भातावर वापरू नका. खानदेशात आग्रहाशिवाय पंगत होत नाही, त्यामुळे ही आधी विचारायची रीत इथे रुजवताना माझी काय दमछाक झाली असेल याची कल्पना करा.

ज्या अक्कांमुळे हे लिहायला बसले, त्या एका दुपारी उजवीकडच्या काउंटरवर आल्या. सावदा गावच्या. साठीच्या आसपास वय, हातात कापडी पिशवी, पिशवीत केळीच्या वेफर्सचे पुडे. घरचा केळीचा मळा मुलगा प्रमोद बघायचा. अक्कांचे यजमान वारले होते. वेफर्सचा धंदा मात्र अक्कांचा एकटीचा होता. काउंटरवरच्या मुलीशी त्या बोलेनात, म्हणून तिने त्यांना माझ्याकडे पाठवलं.

"किती गुंतवायचे आहेत अक्का?" मी विचारलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला आणि बोटांनी आकडा सांगितला. मी थक्क झाले. ही बोटांची भाषा वडिलांनी मला मोठेपणी शिकवली होती, पण त्यांच्यानंतर ती खूण कोणी माझ्या हातावर केली नव्हती. मी त्याच भाषेत उलट बोट दाबून 'कळलं' असं सांगितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

मग सगळं बाहेर आलं. त्यांची मुलगी वैशाली नवऱ्याचं घर सोडून आली होती आणि धुळ्याला नर्सिंग शिकत होती. तिला तिच्या नावाचं छोटंसं घर घेऊन द्यायचं, एवढीच अक्कांची इच्छा. "पन हे माह्या पोराले समजाले नको," त्या म्हणाल्या. मी विचारलं, मुलगा त्रास देतो का? त्यांनी लगेच मान हलवली. "नई व बाई. पोरगं सोन्यासारखं हाये. तो हिसकून घेनार नई. पन त्याले दुसऱ्या गाडीचं येड लागलं हाये. तो मांगीन. आन् त्यानं मांगलं का मी देऊन टाकीन. माह्या तोंडातून त्याले नई निंघत नई."

इतक्या वर्षांत नवऱ्यापासून, भावापासून, सावकारापासून लपवणारे ग्राहक मी पाहिले होते. स्वतःच्या मायेपासून लपवायला आलेली ही पहिलीच. मी त्यांच्या फॉर्मवर लाल शाईने लिहिलं, घरी पत्र नाही, घरी फोन नाही, संपर्क फक्त मुलीच्या नंबरवर. आणि त्यांना शब्द दिला, "अक्का, हे रुमालाखालीच राहील."

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाखेला सोनवणे नावाचे नवे व्यवस्थापक आले. माणूस दिलदार, हसतमुख आणि फ्लेक्सचा भयंकर शौकीन. शाखेत नवीन पंखा बसवला तरी हे त्याचा फ्लेक्स लावतील. सावद्याला आठवडी बाजाराच्या दिवशी महिला गुंतवणूकदारांचा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. त्याच आठवड्यात घेवरचंदजींचे शेअर विक्रीला यायचे होते. माझ्या टेबलावर कागदांचा डोंगर होता. सोनवणेंनी एक कागद पुढे केला, वर लिहिलं होतं 'सत्कार सोहळा, मजकूर व छायाचित्रे'. मला वाटलं चहा-नाश्त्याचं काहीतरी असेल. सगळ्या जिल्ह्याला वाचून सही करा म्हणत फिरणाऱ्या मी त्यावर न वाचता सही केली.

बाजाराच्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसच्या ग्रुपवर फोटो आला. सावद्याच्या बसस्टँडवर निंबाच्या झाडापासून दिव्याच्या खांबापर्यंत दहा फुटी फ्लेक्स. 'आमच्या शाखेच्या मानाच्या रणरागिणी' आणि खाली दोन ओळींत आठ बायकांचे चेहरे, नावासकट. फोटो कुठून मिळवले असतील? खातं उघडण्याच्या फॉर्मवरून. खालच्या ओळीत डावीकडून दुसऱ्या आमच्या अक्का, माठाएवढ्या मोठ्या, फॉर्मवरच्या फोटोत सगळे दिसतात तशा कावलेल्या.

मी सोनवणेंना गाडी काढायला लावली. भुसावळ येईपर्यंत ते एकच वाक्य बोलत होते, "पण मॅडम, मी तर सन्मान केला." मी त्यांना सांगत होते, "साहेब, फोटो खातं उघडायला दिला होता, झाडाला बांधायला नाही." अक्कांना फोन करायची सोय नव्हती, कारण घरी फोन नाही हे मीच लाल शाईत लिहून ठेवलेलं. वैशालीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, भाऊ केळीची गाडी खाली करून अकराच्या सुमाराला स्टँडवरूनच घरी येतो." फ्लेक्सवाल्याला फोन लावला, तर तो शिडी घेऊन रावेरला लग्नाचा फ्लेक्स बांधायला गेलेला.

आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. बाजार भरला होता. फ्लेक्सखाली वांग्याचे ढीग मांडून एक बाई बसली होती आणि वरच्या फोटोतली आपली नणंद गिऱ्हाइकांना दाखवत होती. सोनवणे बुटासकट निंबावर चढायला निघाले आणि दोन हात वर जाऊन घसरले. लोक जमू लागले. तेवढ्यात एक रिकामा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर तिशी-पस्तिशीचा, शर्टावर केळीच्या चिकाचे डाग. "काय झालं हो?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "भाऊ, हा फ्लेक्स उतरवायचा आहे. जरा गाडी खाली लावता का?" त्याने गाडी लावली, टपावर चढला आणि कोयत्याने दोऱ्या कापू लागला.

एक बाजू सुटली. दुसऱ्या बाजूला जाताना तो मध्येच थांबला. खालच्या ओळीकडे त्याने नीट पाहिलं. मग त्याने उरलेल्या दोऱ्या कापल्या, चेहरे आत येतील अशी नीट घडी घातली, आणि खाली उतरून माझ्या हातात दिली.

"चूक काय झाली बाई याच्यात?"

"ज्यांचे फोटो आहेत त्यांना विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

तो खाली बघत म्हणाला, "मी प्रमोद. खालच्या ओळीतली दुसरी माह्यी माय हाये."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी काहीतरी बोलायला लागले, त्याने हातानेच थांबवलं. "तिनं लपवलं ते बरं केलं. मी मांगलंच असतं. मले माह्यं माहीत हाये." मग गाडीत बसता बसता म्हणाला, "तिले सांगू नका मी पाह्यलं म्हनून."

तो सरळ घरी गेला नाही, बाजारात वळला. मी मात्र अक्कांच्या घरी गेले. तेव्हा ग्राहकाला अशी चूक कळवा असं कुठल्या कायद्यात लिहिलं नव्हतं, नव्या कायद्यात आता आहे. पण न सांगता जळगावला परत जाणं मला जमलं नसतं. मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. सही माझी होती हेही सांगितलं. अक्कांनी वेफर्सची कढई खाली उतरवली आणि एकच प्रश्न विचारला.

"प्रमोदनं पाह्यलं का?"

अठ्ठावीस वर्षांत इतकी अडचण कधी झाली नव्हती. खोटं बोलायचं नव्हतं आणि अर्ध्या तासापूर्वी एका माणसाने माझ्याकडे एक गोष्ट ठेवायला दिली होती. मी म्हटलं, "अक्का, कोणी पाहिलं ते मी सांगणार नाही. तुमचं कधी कोणाला सांगितलं नाही, तसंच दुसऱ्याचंही नाही सांगत." त्यांनी कढईशेजारचं पातेलं उचललं. मग म्हणाल्या, "बरं. चहा घेतं का?"

मी मुंबईला स्वतःविरुद्ध लेखी कळवलं आणि नोकरीतला एकुलता एक मेमो मिळवला. तो फ्रेम करून लावायचा विचार होता, पण त्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता. सोनवणे माझ्यासोबत उरलेल्या सातही जणींच्या घरी माफी मागायला आले. तिथे वेगळाच प्रकार. दोघी रागावल्या, दोघींना काही वाटलं नाही, आणि तिघी भांडायला उठल्या, फ्लेक्स उतरवला म्हणून. एकीने तर तिच्या माहेरच्या लोकांनी पाहीपर्यंत तो परत लावा असा हट्ट धरला. म्हणूनच विचारावं लागतं, प्रत्येकीचं ताट निराळं असतं. सोनवणेंनी त्यानंतर फ्लेक्स सोडले. आता ते भिंतीवर घोषणा रंगवून घेतात, पण आधी भिंतीच्या मालकाची सही घेतात.

मी मात्र पुढची दोन वर्षं धास्तावलेली होते. प्रमोद कधीतरी मागेल, अक्का देतील, पैसे काढायला येतील, आणि ते माझ्या एका सहीमुळे झालेलं असेल. अक्कांचा कागद काउंटरवर आला की मी आधी रक्कम बघायचे. पण पैसे निघाले ते एकदाच, वैशालीला धुळ्यात देवपूरला दोन खोल्या घेतल्या तेव्हा. त्या दिवशी मी केबिनचं दार लावून मनसोक्त रडले आणि मग शाखेत पेढे वाटले. कशाचे ते सांगता येत नव्हतं, म्हणून नातू झाला म्हटलं. माझं लग्नसुद्धा झालेलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, पण पेढे मिळत असताना कोणी चौकशी करत नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी सावद्याला गेले. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं मला आता जमत नाही. संमतीचा कागदही करून नेला होता. वैशालीला, शेठजींना आणि सोनवणेंना फोनवर विचारून झालं होतं. माझी अडचण वेगळीच होती. अक्कांना विचारायचं तर प्रमोदचं गुपित फुटणार, आणि प्रमोदला आधी विचारायचं तर त्याला एकट्याला गाठायला हवं. पण घरी पोचले तर दोघेही जेवायला बसलेले. मला पाहून अक्कांनी ताट मांडलं. वरण-बट्टी होती. मी चाचरत एवढंच म्हटलं, "त्या फ्लेक्सबद्दल लिहायचं आहे. दोघांनाही विचारायला आले."

प्रमोदचा घास हातातच राहिला. अक्का बट्टी कुस्करत म्हणाल्या, "लिह ना. त्यानं पाह्यलं हे मले त्याच दिवशी समजलं व्हतं."

"कोनी सांगलं तुले?" प्रमोदने माझ्याकडे पाहत विचारलं.

"कोनी नई. तूच. बाजारातून नवीन लुगडं घेऊन आला, आन् जेवता जेवता म्हने, माय, एखांदा हसता फोटो काढ व तुह्या, अशी कावल्यासारखी काहून दिसतं? म्या म्हटलं, याले कुठी दिसली मी कावलेली? घरात तं माह्या एक बी फोटो नई."

"मंग बोलली काहून नई?"

"तू मांगलं नई, म्या बोलली नई."

प्रमोद खाली मान घालून हसायला लागला. मी दोघांच्या मधे बसले होते. इतकी वर्षं जीव मुठीत धरून मी प्रमोदचं जे गुपित अक्कांपासून राखत होते, ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्या घरात कोणी रुमाल उचलला नव्हता. मला एकाच वेळी मूर्खासारखं आणि फार छान वाटलं.

जेवण झाल्यावर मी कागद काढला. "अक्का, लेखात सगळ्यांची नावं बदलली आहेत. तुमचं काय ठेवू?"

"काहून? चोरी केली का म्या? पुरं लिहजो. सिंधूबाई वामन चौधरी, सावदा. पोरीले घर घेऊन देल्लं, तेही लिहजो," त्या म्हणाल्या. "फोटो छापनार अशीन तं छाप. पन त्या फारमावरचा नको."

प्रमोदने तोवर मोबाईल काढलाच होता. ओट्यावर, त्याने आणलेल्या त्याच लुगड्यात, वेफर्सच्या कढईशेजारी त्याने त्यांचा फोटो काढला. तोच या लेखासोबत आहे. कागदावर अक्कांनी सही केली, खाली प्रमोदने केली. तिसरी सही माझी आहे. या वेळी वाचून केली.